खत लागू पडलं, हे ठरवायचं कसं?

वायंगणाची (गोव्यातल्या हिवाळी भाताची) लावणी जवळ आली की मोबाइलवर फोटो फिरू लागतात. डावीकडे पिवळट भात, उजवीकडे हिरवंगार, आणि खाली एक ओळ: 'अमुक द्रावण मारलं, उत्पन्न दीडपट.' फोटो खोटा असेलच असं नाही. पण हिरवेपणा द्रावणामुळे आला, की त्या बाजूने पाट जातो म्हणून, की गेल्या उन्हाळ्यात तिथे गुरं बांधली होती म्हणून, हे फोटो सांगू शकत नाही.

हे उत्तर शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दहा-बारा माणसांचा शेतकरी गट किंवा कॉलेजातल्या मुलांचा गट चार-पाच गुंठ्यांत हे काम चोख करू शकतो. मात्र त्यातला अवघड भाग कापणीनंतरच्या आकडेमोडीत नसून लावणीच्या आधीच्या कागदावर असतो.

आधी स्वयंपाकघरात जाऊ

घरातली आजी सांगते, "दगडी रगड्यावर वाटलेलं हुमण (माशांची आमटी) आणि मिक्सरवरचं हुमण मी डोळे मिटून ओळखीन." हे तपासायचं कसं? एकेक वाटी देऊन चालणार नाही, कारण अंदाजानेही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं. म्हणून आठ वाट्या घ्या, चार रगड्याच्या आणि चार मिक्सरच्या. कोणती वाटी कितव्या क्रमांकावर ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आजीला चार रगड्याच्या वाट्या वेगळ्या काढायला सांगा.

आठांतून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत आणि त्यांतली एकच पूर्ण बरोबर आहे. आजीला काहीच ओळखता येत नसेल तर चारही वाट्या अचूक लागण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे साधारण १.४ टक्के. पण चारांतल्या तीन बरोबर आल्या तर? तीन किंवा अधिक बरोबर येण्याच्या तऱ्हा १७ आहेत, म्हणजे जवळपास २४ टक्के. ऐकायला 'चारांत तीन' भारी वाटतं, पण नुसत्या अंदाजानेही ते चारांत एकदा घडतं. इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली आठ कप चहाचं उदाहरण घेऊन हाच विचार मांडला होता.

इथे एक सापळा आहे. रगड्याचं हुमण एकाच भांड्यात आणि मिक्सरचं दुसऱ्या एकाच भांड्यात केलं असेल, तर आजी रगडा ओळखत नसून एका भांड्यात पडलेलं चिमूटभर जास्त मीठ ओळखत असेल. वाट्या आठ असल्या तरी भांडी दोनच! रगड्याबद्दल काही म्हणायचं असेल तर भांडीच निरनिराळी शिजवायला हवीत. शेतातले बहुतेक फसलेले प्रयोग याच जागी फसतात. अर्ध्या शेतात द्रावण घालायचं, अर्ध्यात नाही, आणि दोन्हीकडून पाच-पाच ठिकाणचं भात मोजायचं. त्याला दहा मोजमापं म्हणतात, पण खरी तुलना एकच झालेली असते: हा अर्धा भाग विरुद्ध तो अर्धा भाग.

प्रश्न एका ओळीत बसला पाहिजे

उदाहरणासाठी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं द्रावण, घेऊ. 'जीवामृत चांगलं का?' हा प्रयोगाचा प्रश्न होत नाही. 'वायंगणी भाताला लावणीनंतर दर १५ दिवसांनी जीवामृत दिलं, तर तेवढंच साधं पाणी दिलेल्या भातापेक्षा दाण्याचं वजन किती बदलतं?' हा होतो. त्यात पीक, हंगाम, मात्रा, तुलना आणि काय मोजायचं, सगळं आलं.

'तेवढंच साधं पाणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुलनेच्या वाफ्यात काहीच घातलं नाही, तर पाण्याचा परिणाम जीवामृताच्या नावावर जमा होईल, शिवाय पायांनी तुडवलेला चिखल एकाच बाजूला राहील. जो माणूस जीवामृत घेऊन वाफ्यात उतरतो, तसाच दुसऱ्या वाफ्यातही पाण्याची झारी घेऊन उतरला पाहिजे.

मात्रेचा हिशोब असा. एकरी २०० लिटरची रूढ मात्रा धरली तर ५ मीटर बाय ४ मीटरच्या, म्हणजे २० चौरस मीटरच्या वाफ्याला जवळजवळ १ लिटर येतं. जीवामृताच्या आठ वाफ्यांना एका वेळी ८ लिटर लागतील, म्हणून २० लिटरचं एक पिंप पुरे: १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम डाळीचं पीठ आणि थोडी माती. दर वेळी प्रत्येक लिटर काढण्याआधी पिंप ढवळायचं. न ढवळल्यास गाळ तळाशी बसतो, पहिल्या वाफ्याला निवळ आणि शेवटच्याला दाट मिळतं. बाकीचं सगळं, म्हणजे बियाणं, तरव्याचं (रोपांचं) वय, लावणीचं अंतर, इतर खतं आणि बेणणी (तण काढणं), सगळ्या वाफ्यांना सारखंच.

शेत कधीच सारखं नसतं

मोरड (उंचावरची शेतं), खेर (मधली रेताड जमीन) आणि खाजन (खाडीकाठची खारट जमीन) यांतला फरक गोव्यातल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. एकाच कुणग्यातही (खाचरातही) वरच्या मेरेजवळची (बांधाजवळची) माती वेगळी, खालच्या कोपऱ्यात गाळ साचलेला आणि माडाच्या सावलीत फुटवे कमी असतात. हा फरक घालवता येत नाही, पण त्याला तुलनेतून बाहेर ठेवता येतं.

त्यासाठी जोड्या करायच्या. शेजारशेजारचे, शक्य तेवढे सारखे दोन वाफे म्हणजे एक जोडी. एकात जीवामृत, दुसऱ्यात पाणी. तुलना फक्त जोडीच्या आत होते. माडाच्या सावलीतली जोडी दोन्हीकडे कमी पिकेल, पण त्या दोघांतला फरक सावलीमुळे बिघडणार नाही. अट एवढीच की सावली दोघांवर सारखी हवी. जोडीतला एक वाफा सावलीत आणि एक उन्हात असला तर जोडी केल्याचा उपयोग संपला.

भातशेतीत आणखी एक अडचण असते, ती पाण्याची. वरच्या कुणग्याचं पाणी खालच्यात उतरतं. जीवामृताचा वाफा वर आणि पाण्याचा खाली असेल तर खालच्यालाही वरचा प्रसाद मिळतो आणि फरक पुसला जातो. म्हणून जोडीतले वाफे उताराला आडवे, शेजारी-शेजारी ठेवायचे, मधली मेर भक्कम घालायची आणि प्रत्येक वाफ्याला पाणी थेट पाटातून द्यायचं. द्रावण घालण्याआधी उभं पाणी कमी करून तोंडं बंद करायची, नाहीतर मेहनत पाटातून ओढ्याला जाते. अंजुणे किंवा तिळारी धरणाच्या कालव्याखालचं वायंगण याच कारणासाठी सोयीचं आहे, कारण सरदाच्या (पावसाळी भाताच्या) पावसात हे बंधन पाळणं फार कठीण.

"चिठ्ठी कशाला? कुठला वाफा चांगला ते आम्हाला कळतं की!"

कळतं, म्हणूनच चिठ्ठी हवी. ज्याला जीवामृतावर विश्वास आहे त्याचा हात नकळत बऱ्या वाफ्याकडे जातो. जो फार प्रामाणिक आहे तो मुद्दाम वाईट वाफा देतो. दोन्हींत तुलना वाकडी होते, आणि किती वाकडी झाली ते नंतर मोजता येत नाही.

प्रत्येक जोडीसाठी एक नाणं उडवायचं. छाप आला तर डाव्या वाफ्याला जीवामृत, काटा आला तर उजव्याला. आठ जोड्या, आठ वेळा नाणं. निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा उडवायचं नाही. शास्त्रीय भाषेत याला यादृच्छिक वाटप म्हणतात. त्याचा दुहेरी उपयोग आहे: पक्षपात टळतो, आणि शेवटी 'हे योगायोगाने घडलं असेल का' हा हिशोब करायचा हक्क मिळतो. आजीच्या वाट्या चिठ्ठीने लावल्या नसत्या, तर त्या ७० तऱ्हांना अर्थच राहिला नसता.

किती जोड्या लागतील?

जीवामृतात काहीच दम नसेल तर प्रत्येक जोडीत कोण जिंकणार हे नाण्यासारखंच. चार जोड्यांत चारही वेळा जीवामृत जिंकलं, तरी तसं योगायोगाने होण्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे ६ टक्क्यांवर. ठाम म्हणायची रूढ रेघ ५ टक्क्यांची आहे, म्हणून चार जोड्यांत कितीही उत्तम निकाल आला तरी तो ठाम म्हणता येत नाही. पाच जोड्यांत ती शक्यता ३२ मध्ये १ होते. पण सगळ्या जोड्या एकाच बाजूला झुकतील ही अपेक्षा शेतात धरू नये.

अंदाजासाठी एक सूत्र आहे. जोड्यांमधले फरक आपसात किती खाली-वर होतात (याला प्रमाण विचलन म्हणतात), त्याला आपण पकडू पाहतो त्या फरकाने भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा आणि ८ ने गुणायचं. वाफ्यातलं वजन साधारण ४.६ किलो, फरकांचं खाली-वर होणं ०.३ किलो, आणि पाव किलोचा फरक पकडायचा असेल तर ८ × (०.३ ÷ ०.२५)² म्हणजे जवळजवळ १२ जोड्या. संख्या लहान असताना त्यात एक-दोन जोड्या वाढवाव्यात. खाली-वर होण्याचा आकडा मिळवायला आधीच्या हंगामात सगळ्या वाफ्यांना सारखंच देऊन नुसती वजनं घ्यावीत. हे कंटाळवाणं काम बहुतेक गट टाळतात.

आपल्या उदाहरणातल्या गटाकडे तेवढी जागा नाही. आठ जोड्या, सोळा वाफे, मेरा धरून सुमारे चार-साडेचार गुंठे. त्याची किंमत पुढे दिसेलच.

कापणीच्या दिवशी काय बिघडतं

वाफ्याच्या कडेची रोपं जास्त ऊन आणि अन्न खातात, शिवाय शेजारच्या वाफ्याचं पाणी त्यांच्या मुळांपर्यंत झिरपतं. म्हणून चारही बाजूंनी अर्धा मीटर सोडून आतला ४ मीटर बाय ३ मीटरचा भागच मोजायचा. तो १२ चौरस मीटर होतो. काठ्या आणि दोरी आदल्या दिवशी लावून ठेवायची. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं होतं की मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. दोरीवर येणारं रोप आत धरायचं की बाहेर, या प्रत्येक संशयात माणूस ते आतच धरतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. तेव्हा नियम आधीच लिहा: ज्या रोपाचा बुंधा दोरीच्या आत, तेच आत.

दुसरी चूक ओलाव्याची. सकाळी कापलेलं आणि दुपारी कापलेलं भात एका वजनाचं नसतं. प्रत्येक वाफ्याचा ओलावा मीटरने मोजून वजन १४ टक्क्यांवर आणायचं: वजन गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८६. ओलावा २० टक्के असताना ५.४० किलो भरलेलं भात प्रत्यक्षात ५.०२ किलो ठरतं. जीवामृताची जेवढी वाढ शोधतोय त्याहून मोठी चूक नुसत्या ओलाव्याने होते! जोडीतले दोन्ही वाफे एकामागोमाग, एकाच माणसाने कापलेले बरे.

गटात कोणी काय करायचं

द्रावण घालणाऱ्याला वासावरून सगळं कळतं, ते लपवता येणार नाही. पण कापणारा आणि वजन करणारा यांना कळायची गरज नाही. वाफ्यांवर फक्त १ ते १६ आकड्यांच्या पाट्या लावा. कोणत्या आकड्याला काय दिलं, ती यादी बंद पाकिटात, तोलण्याशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. सगळी वजनं वहीत उतरून सह्या होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही. काटा ४.७ आणि ४.८ च्या मध्ये थरथरत असताना हात कुठे झुकतो, हे माणसाला स्वतःला कळत नाही.

वहीत पेनानेच लिहायचं. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि सही. नंतर दोघांनी वेगवेगळ्या मोबाइलवर किंवा संगणकावर आकडे भरायचे आणि ताडून पाहायचे. ४.८ चे ८.४ होणं ही रोजची गोष्ट आहे.

गवा किंवा रानडुक्कर शिरलं तर काय? हे कापणीनंतर ठरवलं की भांडण होतं, कारण तेव्हा प्रत्येकाला आपल्या मताला सोयीचा वाफा वगळावासा वाटतो. लावणीआधीच लिहा: वाफ्याचा अमुक इतका भाग तुडवला गेला तर ती पूर्ण जोडी बाद, आणि हा निर्णय पाकिटातली यादी न पाहिलेल्या माणसाचा.

त्याच कागदावर विश्लेषण कसं करणार तेही हवं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ संशोधक गटांना फुटबॉलमधली एकच माहिती दिली होती. सावळ्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त मिळतं का, हा प्रश्न होता. २० गटांचं उत्तर 'हो, ठोस पुरावा आहे' असं आलं, ९ गटांना तसा पुरावा दिसला नाही. माहिती तीच, फरक फक्त हिशोब कसा करायचा याच्या निवडीत.

आकडे आले, आता वाचायचे कसे

समजा आठ जोड्यांत जीवामृत वजा पाणी हा फरक असा आला (समजावण्यासाठी घेतलेले आकडे, किलोमध्ये): +०.४, +०.१, +०.५, −०.२, +०.३, +०.६, −०.१, +०.४. बेरीज २.०, सरासरी ०.२५ किलो. पाण्याच्या वाफ्यांची सरासरी ४.६ धरली तर वाढ सुमारे साडेपाच टक्के, हेक्टरी साधारण २०८ किलो.

आता आजीचाच हिशोब. जीवामृतात काहीच नसेल तर प्रत्येक फरकाचं चिन्ह अधिक आलं की उणे, हे फक्त नाण्याने ठरलं. आठ नाण्यांच्या तऱ्हा २५६. त्यांतल्या किती तऱ्हांत बेरीज २.० किंवा जास्त येते? सगळी चिन्हं अधिक असती तर बेरीज २.६ होते. उणे केलेला प्रत्येक आकडा बेरीज दुपटीने खाली ओढतो. म्हणजे उणे केलेल्या आकड्यांची बेरीज ०.३ पेक्षा जास्त नसलेल्या तऱ्हा मोजायच्या. काहीच उणे नाही: १. एकूण ०.१: २. एकूण ०.२: २. एकूण ०.३: ३. झाल्या ८ तऱ्हा. २५६ मध्ये ८, म्हणजे ३.१ टक्के.

खतात दम नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची ही शक्यता. तिला पी-मूल्य म्हणतात. 'जीवामृत निरुपयोगी असण्याची शक्यता ३ टक्के' असा तिचा अर्थ नाही, वर्तमानपत्रांत मात्र हमखास तसाच छापला जातो.

गटात आता वाद सुरू होईल. कोणीतरी विचारेल, "जीवामृताने भात घटलं असतं तर तेही आपण सांगितलंच असतं ना?" मग दुसऱ्या टोकाच्या ८ तऱ्हाही धराव्या लागतात. १६ भागिले २५६, ६.२५ टक्के. रूढ रेघ ५ टक्क्यांची. एका हिशोबाने पास, दुसऱ्याने नापास! आकडे तेच आहेत. म्हणून एक टोक मोजायचं की दोन, हे लावणीआधीच्या कागदावर असायला हवं होतं. नसेल तर दोन्ही टोकं धरावीत, कारण घटीची शक्यता प्रामाणिकपणे कोणालाच नाकारता येत नाही. आणि ५ टक्के ही सोयीची रेघ आहे, तिच्या अलीकडे खरं आणि पलीकडे खोटं असं शेतात काही नसतं.

म्हणून पी-मूल्यासोबत पट्टाही द्यावा, म्हणजे खरी वाढ कुठून कुठपर्यंत असू शकते ते. फरकांचं प्रमाण विचलन ०.२९, त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की ०.१०, त्याला आठ जोड्यांसाठीच्या २.३६ या गुणकाने गुणलं की ०.२४. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढं धरलं तर पट्टा ०.०१ ते ०.४९ किलो. (फरक घंटेच्या आकारात, म्हणजे सरासरीजवळ जास्त आणि टोकांना कमी, पसरतात असं हा हिशोब मानतो, नाण्यांचा मानत नाही, म्हणून दोघांत थोडी तफावत राहते.) म्हणजे खरी वाढ हेक्टरी ८ किलो असू शकते आणि ४०० किलोही. ८ किलोत दर पंधरवड्याची मजुरीही सुटणार नाही, ४०० किलोत सुटू शकेल. एवढा रुंद पट्टा हीच आठ जोड्यांवर भागवल्याची किंमत. पट्टा निम्मा करायला जोड्या चौपट लागतात.

"मग फुटवे, उंची, लोंबीतले दाणे, सगळंच मोजू की"

मोजा, पण निकाल कशावर ते एकच आधी ठरवा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासल्या आणि खतात काहीच दम नसला, तरी त्यांतली एखादी तरी ५ टक्क्यांच्या रेघेखाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग 'दाण्याचं वजन नाही वाढलं, पण उंची वाढली' अशा बातम्या तयार होतात. बाकीची मोजमापं पुढच्या प्रयोगाचे प्रश्न सुचवायला ठेवा.

"आमच्या आठ शेतकऱ्यांच्या आठ गावांत केलं तर?"

हे एका शेतातल्या आठ जोड्यांपेक्षा जास्त सांगून जातं. प्रत्येकाने आपल्या शेतात एक जोडी, नाणं प्रत्येकाकडे वेगळं, पाककृती आणि मात्रा एकच. एका शेतातला निकाल त्या शेतापुरता असतो. डिचोली, सत्तरी आणि पेडण्यात विखुरलेल्या जोड्या तिन्ही तालुक्यांबद्दल काही बोलू लागतात. फरकांची खाली-वर मात्र वाढेल, म्हणून जोड्याही वाढवाव्या लागतील. आणि खाजनातला वाफा यात मिसळू नये. तिथे खारेपणाचा प्रश्न वेगळा आणि भाताच्या जातीही वेगळ्या, त्याचा प्रयोग स्वतंत्र हवा.

पुढच्या वायंगणाला

'अजून चार जोड्या मोजू, मग ५ टक्क्यांखाली येईल' हा मोह गटाला होणारच. निकाल मनासारखा येईपर्यंत आकडे वाढवत गेलं, तर कधी ना कधी तो येतोच, खत कसंही असलं तरी. त्याऐवजी पुढचा हंगाम नव्याने आखा: १३ किंवा १४ जोड्या, दोन्ही टोकं धरून, नवी नाणेफेक, नवं पाकीट. या वर्षीचा ०.२९ हा आकडा आता हाताशी आहे, तो सूत्रात घालता येईल. आणि या वर्षीचा निकाल गावात सांगताना आठही फरक फळ्यावर लिहा, चौथ्या आणि सातव्या जोडीच्या उण्यासकट.